टब मुंबईचा, मेकॅनिक बोईसरचा

पालघर तालुक्यातल्या मुरब्यात गरम पाण्याचा घरगुती टब आला, तर तो बहुधा हायड्राने येईल. तारापूर एमआयडीसीत टाक्या, मोटारी आणि पाइपांचे गठ्ठे उचलणारी ती चाकांवरची क्रेन या पट्ट्यात कुणालाच नवी नाही. पण गावठाणाच्या बोळात ती शिरणार कुठून आणि वळणार कुठे, हे टबाचा रंग ठरवण्याआधी बघावं लागतं. चार माणसांचा टब साधारण दोन मीटर लांब, तेवढाच रुंद आणि रिकामाच अडीच-तीनशे किलोचा. शोरूमच्या गारव्यात, निळ्या दिव्यांखाली तो फार हलका दिसतो.

तसं पाहिलं तर या भागाला गरम पाण्याचं अप्रूप नाही. भूशास्त्रज्ञांच्या नकाशावर कोकणातल्या उष्ण झऱ्यांची माळ पालघर तालुक्यातल्या कोकनेरपासून सुरू होते आणि हालोली, सातिवली, गणेशपुरी, अकलोली, वज्रेश्वरी करत सुमारे साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला राजापूरपर्यंत जाते. वाटेत उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे अशी गावंच ऊन पाण्याच्या नावाने वसलेली. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं, त्याच्याही आधीपासून तानसेच्या काठी लोक कुंडात उतरत होते. काही कुंडं अशी की पाय बुडवला की लगेच मागे घ्यावा लागतो. आणि मुरब्याच्या उत्तरेला, हाकेच्या नाही तरी नजरेच्या टप्प्यात म्हणावं असं तारापूरचं अणुकेंद्र १९६९पासून उभं आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या तर थेट पाणी उकळणाऱ्या जातीच्या. पाणी तापवण्याचा असा वारसा दुसऱ्या कुठल्या तालुक्याला असेल असं वाटत नाही.

घरातल्या पाण्याची गोष्ट निराळी. परसात तांब्याचा बंब, न्हाणीत पितळी घंगाळ, आणि कढत पाण्यात बेताने घातलेलं विसण. ‘विसण’ या एका शब्दात आजच्या थर्मोस्टॅटचं सगळं काम येतं. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून अंगावर ओतलेलं ते पाणी मोरीतून जाई, तिथून केळीच्या आळ्यात. पाण्याचा आणि माणसाचा संबंध पाच मिनिटांचा.

टबात हा संबंध तीन-तीन महिने चालतो. सगळा फरक इथे आहे, आणि विक्रेता नेमकं हेच सांगायला विसरतो. हॉट टबमधलं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी गाळायचं, तापवायचं, औषध घालून स्वच्छ ठेवायचं आणि पुन्हा त्यातच बसायचं. म्हणजे घरात येते ती आंघोळीची वस्तू नसते, पंप, फिल्टर, हीटर आणि रसायनं असलेला पाणी शुद्ध करण्याचा चिमुकला कारखानाच येतो. तारापूरच्या कामगाराला हे एका वाक्यात कळेल. मुंबईच्या शोरूममधल्या गिऱ्हाइकाला ते पहिला फिल्टर तुंबल्यावर कळतं.

गोंधळ नावापासूनच सुरू होतो. आपल्याकडे कुठल्याही बुडबुड्यांच्या टबाला जकुझी म्हणतात. ते खरं तर एका घराण्याचं आडनाव. इटलीच्या ईशान्येकडून कॅलिफोर्नियात गेलेले हे भाऊ आधी विमानाचे पंखे बनवत. १९२१मध्ये त्यांचं विमान कोसळलं, त्यात एक भाऊ गेला. मग ते विहिरीच्या पंपांकडे वळले. कँडिडो जकुझी यांच्या मुलाला लहानपणीच संधिवाताने धरलं होतं. त्याला इस्पितळात मिळणारा पाण्याचा शेक घरी मिळावा, म्हणून साध्या बाथटबात सोडता येईल असा पंप त्यांनी केला आणि १९५६मध्ये तो बाजारात आला. पंप टबाच्या भिंतीतच बसवण्याची युक्ती घराण्यातल्या नंतरच्या पिढीतल्या रॉय जकुझी यांची, १९६८ची. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातच काही हौशी मंडळी दारूच्या जुन्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून अंगणात बसू लागली होती. आजच्या अंगणातल्या टबाचं मूळ त्या पिंपात आहे.

म्हणून दुकानात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली म्हणजे व्हर्लपूल बाथ: न्हाणीघरात बसणारा, दर वेळी भरून रिकामा करायचा, अडीच-तीनशे लिटरचा. जॅग्वार, कोहलर अशा नळ-फिटिंगच्या नावाजलेल्या कंपन्यांच्या दुकानांत हा दिसतो. दुसरी वस्तू म्हणजे खरा हॉट टब: आठशे ते दीड हजार लिटरचा, बाहेर ठेवायचा, झाकणाचा, पाणी राखून ठेवणारा. पहिल्यात पंधरा लिटरचा गिझर उपयोगी नाही. तो रिकामा होईस्तोवर टबाचा तळही नीट झाकला जात नाही. दुसऱ्याला गिझरच लागत नाही, कारण हीटर त्याच्या पोटात असतो. यातलं आपल्याला काय हवं आहे हे ठरलं नसेल, तर चार दुकानांची कोटेशनं समोर ठेवून काही उपयोग नाही. ती आंबा आणि चिकू एकाच तराजूत घातल्यासारखी होतात.

आता थोडा हिशेब. एक हजार लिटर पाणी पंचवीस अंशांवरून अडतीसवर न्यायला सुमारे १५ युनिट वीज लागते. हीटर तीन किलोवॅटचा असेल तर पाच तास, दोनचा असेल तर साडेसात. रोजच्या वीस लिटरच्या बादलीला असंच तापवायला जेमतेम ०.३ युनिट पुरतं. म्हणजे टब एकदा तापवणं म्हणजे पन्नास बादल्या. युनिट दहा रुपयांचं धरलं तर दीडशे रुपये. ऐकायला फार नाही. पण महावितरणचा दर वापराबरोबर पायरीपायरीने चढतो, आणि टब रोज गरम ठेवायचा म्हटलं की घराचा वापर वरच्या पायरीवर जाऊन बसतो. गच्चीवर सौर बंब असेल तर पहिलं भरणं त्याच्या पाण्याने करावं. वीज बरीच वाचते.

तापवण्यापेक्षा गरम ठेवणं महाग पडतं. उघड्या टबातून वाफ होऊन गेलेलं एक लिटर पाणी जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्यात चव्वेचाळीस लिटर पाणी तेरा अंशांनी तापलं असतं. समुद्रावरचा वारा ही वाफ सारखी उडवत असतो. त्यामुळे झाकण ही टबाची सगळ्यात महत्त्वाची वस्तू, आणि नेमकी तीच विक्रेते ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून वेगळ्या किमतीत लावतात. मुरबे-सातपाटीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पापलेट बर्फात ठेवायचं खोकं बाहेरून कितीही चकचकीत असलं, तरी तो आधी त्याच्या भिंतीतला फोम किती जाड आहे ते दाबून बघतो. टबाच्या भिंतीत आणि झाकणातही तसाच फोम असतो, फक्त उष्णतेची दिशा उलटी. झाकण हातात उचलून पाहावं. पाणी पिऊन जड झालेला फोम निकामी झालेला असतो.

मग जागा. ‘गच्चीवर ठेवू, समुद्र दिसेल’ ही इच्छा सर्वांत आधी येते आणि सर्वांत आधी बाजूला ठेवावी लागते. हजार लिटर म्हणजे एक टन पाणी, तीनशे किलोचा टब, चार माणसं धरून दोनशे ऐंशी. एकूण सुमारे १,५८० किलो, आणि जागा चार चौरस मीटर. चौरस मीटरला जवळजवळ चारशे किलोचा भार झाला. भारतीय मानक आयएस ८७५ घरातल्या खोलीसाठी चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा वापरभार धरायला सांगतं, आणि वर जाता येईल अशा सपाट गच्चीसाठी त्याहूनही कमी, दीडशेच्या आसपास. थोडक्यात, गच्ची ज्या हिशेबाने बांधली त्याच्या अडीचपटीहून जास्त वजन आपण तिच्यावर ठेवायला निघालेलो असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी सही मिळेपर्यंत टब जमिनीवरच बरा. तिथेही रेतीवर सरळ ठेवायचा नाही. कुटून घट्ट केलेल्या भरावावर चार ते सहा इंचांचं सपाट काँक्रीट हवं. पाणी भरल्यावर एक कोपरा बसला तर शेलला तडा जातो, आणि वॉरंटीच्या कागदात ‘असमान पाया’ हे कलम बहुधा असतंच.

खाऱ्या हवेचं काय, हा प्रश्न शोरूमवाल्याच्या डोक्यातही नसतो. त्याचं दुकान वातानुकूलित. मुरब्यात खिडकीचे गज किती वर्षांत गळून पडतात हे ज्याला माहीत आहे, त्याने टबाच्या कडेची पट्टी काढायला लावून आतली चौकट बघावी. लोखंडी आहे, लाकडी आहे की प्लास्टिकची? जेटच्या चकत्या आणि स्क्रू ३०४ स्टीलचे की ३१६चे? ३१६मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडपुढे जास्त टिकतं. बोईसरचा कुठलाही फॅब्रिकेटर हा फरक सांगेल. टबात क्लोरीन आतून खातं आणि समुद्र बाहेरून, त्यामुळे हीटरच्या नळीसाठी टायटॅनियमचा पर्याय आहे का, हे विचारायला लाजू नये. विहिरीचं किंवा बोअरिंगचं पाणी मचूळ असेल तर भरण्याआधी तपासून घ्यावं. जड पाण्याचा क्षार हीटरवर पापुद्रा धरतो, आणि गिझरची कॉइल ज्या घरात वर्षाला जाते तिथे टबाचीही तीच गत होणार.

विक्रेते चार प्रकारचे भेटतात. पहिला मोठ्या ब्रँडचा डीलर, मुंबईत नाही तर उत्तरेला वापीकडे. याचा कागद चोख, किंमत चढी, आणि दुरुस्तीचा माणूस कंपनीचा. दुसरा स्विमिंग पूलचा कंत्राटदार. केळवे, अर्नाळ्याकडच्या रिसॉर्टांची कामं करणाऱ्या अशा माणसाला पाण्याची रसायनं आणि पंप दोन्ही कळतात. त्याचा टब दिसायला साधा असेल, पण तो चालू ठेवायचं कसं हे त्याला माहीत असतं. तिसरा ऑनलाइन: परदेशातून कंटेनरमध्ये आलेला माल, फोटो सुंदर, पत्ता अर्धवट. आणि चौथा म्हणजे गावातला मिस्त्री, जो म्हणतो, ‘कशाला एवढा खर्च, लादी लावून कुंड बांधून देतो.’ त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. काँक्रीटचं कुंड थंड पाण्यासाठी झकास होतं; पण गरम ठेवायचं म्हटलं तर त्याच्या भिंती उष्णता पिऊन जमिनीला देतात.

हवा भरून फुगवायच्या टबांची जातही आहे. इंटेक्स, बेस्टवे या कंपन्या ते बनवतात. चार माणसांच्या टबात आठशेच्या आसपास लिटर पाणी मावतं. टबाची आवड खरोखर किती दिवस टिकते हे बघायला एका हिवाळ्यापुरता तो वाईट नाही. पावसाळ्यात घडी करून माळ्यावर टाकता येतो, हा तर कोकणात मोठाच गुण. फक्त घडी घालण्याआधी नीट वाळवावा, नाहीतर दिवाळीत उघडल्यावर आत काळी बुरशी.

डीलरांची तुलना करताना जेट मोजण्यात वेळ जातो. एकाकडे तीस, दुसऱ्याकडे साठ. पण पंप तोच असेल तर साठ जेटना प्रत्येकी निम्मंच पाणी. मग येतो हॉर्सपॉवरचा आकडा. ‘सहा एचपीचा पंप, साध्या सोळा अँपिअरच्या प्लगवर’ असं कुणी म्हटलं तर खिशातून मोबाइल काढून गुणाकार करावा: २३० व्होल्ट गुणिले १६ म्हणजे ३,६८० वॅट, एक हॉर्सपॉवर ७४६ वॅटचा. प्लगमधली सगळी वीज पंपाने एकट्याने गिळली, वाटेत काहीच वाया गेलं नाही, तरी पाच एचपी होत नाहीत. शिवाय त्याच प्लगवर हीटरही असतो. म्हणून बऱ्याच प्लगवाल्या टबांत जेट जोरात सुरू केले की हीटर आपोआप बंद होतो आणि आपण बसलेलो असताना पाणी निवत जातं. मोठ्या टबाला वेगळी वायर, वेगळा एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पाण्यात बसलेल्या माणसाच्या बाबतीत वायरमनची काटकसर परवडत नाही.

गिझर घेताना निदान त्यावर आयएसआयची खूण आणि ताऱ्यांचं लेबल असतं. टबावर तारे नाहीत. इथे आपणच तपासनीस.

जगभरच्या अनेक टबांमधलं कंट्रोल पॅनेल बाल्बोआ किंवा गेको या मोजक्या कंपन्यांचं असतं. टबावर नाव भलतंच. पॅनेलच्या कंपनीचं नाव विचारून घ्यावं, कारण पाच वर्षांनी टबाची कंपनी नसली तरी कार्ड मिळण्याची आशा राहते. पंपाचं मेकॅनिकल सील आणि बेअरिंगचा नंबर लिहून घेऊन बोईसरच्या दुकानात दाखवावा. रासायनिक कारखान्यांच्या गावात मेकॅनिकल सील म्हणजे काय हे विचारावं लागत नाही. मोटर रिवाइंडिंगवालेही तिथेच. शेल वरून अ‍ॅक्रिलिक आणि खालून फायबरग्लासचं असतं, आणि होडीच्या तळाला फायबर मारणारा कारागीर किनाऱ्यावर मिळतो. म्हणजे मुरब्याच्या टबासाठी निम्मा सर्व्हिस स्टाफ आजूबाजूलाच आहे, कंपनीला त्याचा पत्ता नसला तरी. ज्या टबाचे सुटे भाग या माणसांच्या हातात चालतात, तो दहा हजारांनी महाग असला तरी स्वस्त. आणि ज्याच्या पंपाला फक्त परदेशातून येणारंच सील लागतं, त्याची सूट कितीही असो, तो महागच.

पाणी राखून ठेवण्याची दुसरी बाजू आरोग्याची. १९९९च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. फुलांबरोबर घरगुती वस्तूंचे स्टॉलही होते, आणि एका स्टॉलवर गिऱ्हाइकांना दाखवायला व्हर्लपूल चालू ठेवला होता. त्याच्या कोमट, बुडबुडणाऱ्या पाण्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढलेले होते. टबात कुणी बसलंही नव्हतं. जवळून जाताना त्याचे सूक्ष्म तुषार श्वासात गेले. शेकडो लोक न्युमोनियाने आजारी पडले आणि किमान ३२ दगावले. विक्रीला मांडलेल्या टबाने घडवलेला हा प्रकार. म्हणून शोरूममधला चालू टब बघताना पाण्याचा वास घ्यावा, आणि शेवटचं क्लोरीन कधी तपासलं ते विचारावं. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही, तर तो आपल्याला काय शिकवणार? घरी पीएच ७.२ ते ७.८च्या दरम्यान, क्लोरीन किंवा ब्रोमीन नियमित, फिल्टरची कार्ट्रिज दर आठवड्या-दोन आठवड्यांनी धुतलेली, आणि टबात उतरण्याआधी साबण लावून साधी आंघोळ. जपानी लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करतात. आपल्याकडे मात्र आंघोळीआधी आंघोळ कशाला, असं आजी विचारणारच.

पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नये. गर्भवती स्त्रिया, हृदयाचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मद्य घेऊन तर कुणीच नाही. तळाच्या जाळीचं ओढणं लहान मुलांना फार घातक असतं. २००२मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात हॉट टबच्या तळाच्या जाळीला खेचली जाऊन बुडाली. तिच्या आईच्या पाठपुराव्यातून २००७मध्ये तिथे या मुलीच्या नावाचाच कायदा झाला आणि पोहण्याच्या सार्वजनिक तलावांत माणूस अडकणार नाही अशा जाळ्या सक्तीच्या झाल्या. टब घेताना जाळी घुमटाकार आहे का, पाणी ओढण्याची तोंडं दोन आहेत का, आणि झाकणाला कुलूप लागतं का, हे वाकून बघावं.

पैसे देताना कागद नीट हवा: मॉडेल, सीरियल नंबर, शेलची, पंपाची आणि पॅनेलची वेगवेगळी वॉरंटी, दुरुस्ती जागेवर की टब उचलून न्यायचा, आणि समुद्रकाठच्या गंजाला वॉरंटीतून वगळलं आहे का. २० जुलै २०२०पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. विक्रेता मुंबईचा असो वा दिल्लीचा, तक्रार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन. बिलाशिवाय घेतलेल्या टबासाठी मात्र हे सगळे दरवाजे अवघड होतात.

विक्रेता पारखायला याहून सोपी एक युक्ती आहे, आणि तिला खर्च नाही. टब दिवाळीत घ्यायचा असेल तरी डीलरच्या सर्व्हिस नंबरवर फोन जुलैत करावा. रविवारी, धो धो पाऊस पडत असताना. सांगायचं, ‘मुरबे, तालुका पालघर. बोईसर स्टेशनला उतरून पुढे रस्त्याने यायचं. पंप बंद पडला तर माणूस कधी येईल?’ एक जण विचारतो, हे मुरबे कुठे आलं. दुसरा म्हणतो, फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा. तिसरा विचारतो, बोर्डातला आरसीसीबी पडलाय का बघा, नाहीतर मंगळवारी सकाळच्या गाडीने पाठवतो. आणि रात्री पाणी झाकून ठेवा, क्लोरीन घाला, तोवर कुणाला उतरू देऊ नका.